शेळीनं नापास केलेले गुलाब

रविवार, संध्याकाळ

आज हिचा वाढदिवस. मेहुण्यानं बाजारातून गुलाबांचा गुलदस्ता आणला. मी मात्र मुद्दाम पालमला गेलो. औषध न फवारलेल्या मळ्यातली शेवंती निवडली, देठ स्वतः तिरपे कापले. दोन्ही ओसरीवर ठेवून पाणी आणायला आत गेलो, तेवढ्यात शेजाऱ्याच्या शेळीनं माझी शेवंती फस्त केली. मी बाहेर आलो तर माझ्यादेखत गुलाब नुसते हुंगले आन् तोंड फिरवलं!

"बघा, फवारलेली फुलं जनावरसुद्धा खात न्हाई!" मी म्हणालो.

"दाजी, वाढदिवस ताईचा हाय का शेळीचा?" मेहुणा.

ही लय हसली आणि हिनं गुलाब तांब्यात ठेवले. शेळीनं तोंड फिरवलं, हे कुणी ध्यानातच घेईना.

आत्ता कुणी नाही बघून मीही हुंगले. वास कसलाच नाही. शेळीचं बरोबर होतं.