ओढून पाहिलेली गाठ

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
तळवली, नवी मुंबई
३ नोव्हेंबर २०२५

चि. जाई हिस गोजराआत्याचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू बरी आहे म्हणतेस आणि ठेवतेस. कागदावर खोटं लिहिताना हात अडखळतो, म्हणून यापुढे पत्र. उत्तरही पत्रानंच पाहिजे.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागला: ‘डीएनएमधल्या गाठी शोधणारी तळवलीची लेक’. शेजारच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा हातभर मोठा आहे, मी समोर उभं राहून करून घेतलाय. नाक जरा मोठं आलंय, पण ते तुझ्या बापाचं, फ्लेक्सवाल्याचा दोष नाही. सात डिसेंबरला देवळापुढे सत्कार. भाषण अर्थात माझं. तुर्भ्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर उगाच जन्मभर घसा फोडला नाही मी.

मोठी बातमी पुढेच आहे. बारावी झाली की लेकीचं, रुतिकाचं, लग्न उरकायचं म्हणणारा आपला निकेश तिला पुण्याला शिकायला धाडायला तयार झाला. फ्लेक्सखाली उभा राहून म्हणाला, जाई करते तं आमची पोर पन करल. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही भाषणानं जे झालं नाही, ते तुझ्या नाकानं केलं.

भाषणासाठी गाठींचं नीट समजावून लिही. तुझ्या आईनं सुकट बांधून ठेवली आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या

*

बंगळूर
१० नोव्हेंबर २०२५

ती. गोजराआत्यास जाईचा सा. न. वि. वि.

आत्या, फ्लेक्स उतरव. गाठी नाहीत.

तुला समजेल असं लिहिते. काचेच्या नळीचं टोक आम्ही इतकं बारीक करतो, की त्यातून डीएनएचा एकच धागा जावा. खाऱ्या पाण्यात विजेचा दाब दिला की धागा त्या भोकातून ओढला जातो. सरळ धागा गेला तर विजेच्या प्रवाहाच्या आलेखात एक खड्डा पडतो. धागा स्वतःवरच चढलेला असेल तिथे खड्डा आणखी खोल जातो. त्या खोल जागांना आम्ही गाठी म्हणत आलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणाले. जाळी विणणाऱ्या घरातली मुलगी, मला जिथे तिथे गाठच दिसते. प्रयोगशाळेतले हसायचे, की जाईला विचारा, बघताक्षणी कुठली गाठ ते सांगेल. आणि मी सांगायचे.

गेल्या महिन्यात काही धाग्यांच्या दोन पदरांपैकी एकाला मी जागोजाग खाच पाडली. खाच असली की धागा तिथेच गरकन फिरतो, पीळ पुढे सरकत नाही. खरी गाठ असती तर तिला खाचेनं काय होणार होतं? पण त्या खोल जागा जवळजवळ नाहीशा झाल्या. म्हणजे भोकातलं पाणीच धाग्याला पिळत होतं, आणि मागे उरलेला धागा पीळ खाऊन स्वतःभोवती वेटोळी घालत होता. दोर फार पिळून सैल सोडला की अंगावर चढतो, तसा. आकार आमच्या ओढीनं घडत होता आणि आम्ही तो धाग्याचा म्हणून छापत होतो.

सर म्हणतात, खाचेचे धागे प्रबंधात घालू नकोस. महिनाअखेरीस तोंडी परीक्षा आहे, कुणी विचारणार नाही. घातले तर प्रबंध कोसळेल आणि पुढे मुदत मिळेल की नाही ते सांगता येत नाही. एवढ्या वर्षांचं काम, आत्या. मला जेवण जात नाही. काय करू ते सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझीच जाई

*

तळवली
१५ नोव्हेंबर २०२५

चि. जाईस आशीर्वाद.

मालकाच्या तोंडावर खरं बोलून नोकरी घालवलेली बाई मी. आज तुला लिहिते आहे, गप्प बस.

धागा कुणाचा जीव घेत नाही. औषध नव्हे, पूल नव्हे. डोळ्यांना न दिसणारा धागा गाठ खातो की पीळ, यावर कुणाच्या घरची चूल विझणार आहे? पण इथे एक पोर उंबऱ्यात उभी आहे. तू पडलीस की निकेश तिला आत ओढेल आणि सगळ्या गावाला सांगेल, बघा, शिकून काय झालं. तुझा बाप गेला तेव्हा तुझं लग्न लावा म्हणून माझ्या दारात जमलेले तेच चेहरे आहेत. त्यांच्यासमोर मी तुझी हमी घेतली होती. मला तिथे पुन्हा उभी करू नकोस.

परीक्षा होऊ दे. पदवी हातात आली की मग सांग जगाला. मी पाया पडते, बाय. हे वाक्य मी कुणाला लिहिलेलं नाही.

रागावलीस तरी परकी होऊ नकोस.

गोजरा

*

बंगळूर
२१ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले. झोपले कसली.

आपल्याकडे स्वतःचं विणलेलं जाळं कुणी स्वतः तपासत नाही. दुसरी बाई ते मांडीवर घेते आणि एकेक गाठ ओढून बघते. माझं पहिलं जाळं तू ओढलं होतंस. अर्ध्या गाठी सुटल्या. मी रडले, तर तू म्हणालीस, पाण्यात सुटण्यापेक्षा मांडीवर सुटू दे. माझ्या प्रबंधावर उद्या दुसरं कुणीतरी आपलं जाळं विणणार आहे. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, की ओढून बघितलं होतं, सुटलं होतं, तरी दिलं?

रुतिकाचा विचार रोज करते. तिला पाठवायचं तर माझ्या खोट्यावर पाठवू नकोस, एवढंच कळतं. त्याहून जास्त कळत नाही.

काल परीक्षकांना सगळं लिहून पाठवलं. परीक्षा रद्द झाली. सर बोलत नाहीत. नव्यानं लिहायला मुदत मिळेल का, ते कुणी सांगत नाही. आईला तू सांग, माझ्यानं होणार नाही. गावात यायचं धैर्य नाही. सत्काराचं तुला जे करायचं ते कर, फक्त मला टाकू नकोस.

जाई

*

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥
तळवली
८ डिसेंबर २०२५

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे काही नाही, नुसत्या जाईस आशीर्वाद.

काल सत्कार झाला. तुझ्याविना, आणि हाराविना. मी मंचावर चढले आणि सांगितलं, की जाईला गाठी सापडल्या नाहीत. सापडला तो पीळ, आणि तो आपल्याच ओढीनं पडतो, हे तिनं स्वतःच शोधलं आणि स्वतःचं काम मोडून सांगितलं. लोक थोडा वेळ बसले. मग खुर्च्या सरकायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, की मंग फ्लेक्स कशाला लावलास गो? माझ्या भाषणातून इतकी माणसं कधी उठली नव्हती. शेवटी पुढच्या रांगेत जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या. ओढून बघितल्यावर सुटलं, हे त्यांना समजवावं लागलं नाही.

निकेश उठून गेला. रुतिकाचं नाव काढलं की तोंड फिरवतो. वाईट बातमी गोड करून लिहिणार नाही.

आई रडली नाही. पोरीनं चोरी केली हाय का, म्हणाली, आणि सुकट पुन्हा बांधायला बसली.

आज सकाळी मी फ्लेक्स उतरवायला गेले. दोऱ्या मीच आवळल्या होत्या. कोयता आणायला हवा होता, नखांनी सोडवत बसले. बोट रक्ताळलं. एवढ्यात मागून दुसरे दोन हात आले. रुतिका. बापाला न सांगता आलेली. खालच्या गाठी तिनं सोडवल्या, आणि सोडवता सोडवता विचारत होती, की भोकातलं पाणी धाग्याला पिळतं म्हणजे नेमकं कोणत्या बाजूला? फ्लेक्स आता आपल्या होडीवर घातलाय, नाक आतल्या बाजूला.

तुला गप्प बस म्हणून मीच सगळ्यांत जोरात ओढलं होतं, बाय. तू सुटली नाहीस.

मुदत मिळो न मिळो, घरी ये. ती पोर आज संध्याकाळी तोच प्रश्न घेऊन दारात येऊन बसली आहे आणि मला उत्तर येत नाही.

वाट बघणारी,
गोजराआत्या