भाच्याचं भाडं

केज, गुरुवार संध्याकाळ

नोकरीत असताना इंग्लंडात घेतलेल्या माझ्या घरात बहिणीचा मुलगा अविनाश राहतो आणि वर्षभरापासून दरमहा पैसे पाठवतो. भाडं हा शब्द मी एकदाही तोंडातून काढलेला नाही. भाच्याकडून भाडं घेतो, हे इथं सांगायचं कुणाला?

आज रिटर्न भरायला वकिलाकडे गेलो. म्हटलं, भेट म्हणून दाखव. तो हसला. “काका, मामानं भाच्याला दिलं तर भेटीवर कर माफ हाय. भाच्यानं मामाला दिलं तर न्हाई. आन् तो तुमच्या घरात राहतोय, मंजी भाडंच की.” तिकडे भरलेला कर इथं वजा मिळतो म्हणे. मी ऐकतच नव्हतो. भाच्याच्या पैशाला हात लावू नये, असं आई म्हणायची. सरकारला हे कुणी शिकवलं?

एकदा अविनाशचा फोन आला होता, “मामा, हॉलमध्ये एक खिळा ठोकू का?” खिळ्यासाठी इंग्लंडहून फोन! तेव्हा तो फुकट राहत होता.

घरी आल्यावर त्यालाच फोन लावला. म्हटलं, पैसे बंद कर, नाहीतर भाडं लिहावं लागेल.

“लिहा की मामा. भाडं देतो म्हणून तर आता न विचारता खिळे ठोकतो. न्हाईतर मी पाहुणाच की.”

किती ठोकलेस, हे अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्याचं राहतं घर आहे ते.