डावीकडचे सहा पिंजरे

प्रिय घुबड,

हे नाव तुला आवडत नसे, पण दिवसाढवळ्या काळोखात बसून काम करणारीला दुसरं काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पत्र तुझ्या इमारतीच्या रखवालदाराकडे देणार आहे. फोन केला नाही, कारण फोनवर मी भांडतो. सोमवारी बाबांना तुझ्या औषधाची पहिली गोळी आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं आणि तू ते शेवटपर्यंत वाचायला हवंस. मधेच चिडून फाडू नकोस, ते काम माझं.

मागच्या रविवारी तू घरी आलीस आणि मी चहा अर्धा टाकून उठून गेलो. तुला वाटलं असणार, याचा दोन वर्षांचा राग अजून उतरला नाही. बाबांनाही तेच वाटलं. तू गेल्यावर मी परत आलो तेव्हा म्हणाले, "तुझं डोकं तापलं की तू घर सोडतोस, कॉलेज सोडतोस. एकदा डोकंच सोडून बघ." मी हसलो नाही. तुझ्यासमोर ते काय चाचपत बसले होते ते मी पाहिलं होतं. बाबांना वाचता यावा म्हणून तू उंदरांच्या धावण्याचा तो आलेख टाचणीने टोचून आणला होतास, दिवसाला एक भोक. त्यांचं बोट त्या भोकांवरून आधी तिरकं गेलं, मग सरळ खाली उतरलं, मग पुन्हा तिरकं. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस. म्हणाले, "ही बघ, इथे गाडी वळणातून सुटली आणि सरळ रस्त्याला लागली." आणि त्या सरळ भागातली भोकं त्यांनी मोजली. बारा. तेव्हाच मी उठलो.

घरातली खबर अशी की बाबा सध्या रात्री जागतात आणि दुपारी गाढ झोपतात. काचबिंदूने डोळे गेले तेव्हा मला वाटायचं, दिसत नाही एवढंच होतं. त्यांचा दिवस रोज अर्धा तास पुढे सरकतो, हे लक्षात यायला वर्ष गेलं. दीड महिन्यात एक फेरी पुरी होते. तेवढ्यात दहा-बारा दिवस ते आपल्यासारखे असतात, आणि मग पुन्हा सुटतात. मी कामावरून येतो तेव्हा ते नुकते दाढी करून, भांग पाडून बसलेले असतात आणि विचारतात, "आज मी कुठल्या देशात आहे रे?" याला काही नाव आहे, हे मला पहिल्यांदा तू सांगितलंस, कॉलेजच्या कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर. डोळ्याच्या पडद्यात पाहणाऱ्या पेशी दोन जातींच्या, म्हणालीस, आणि तिसरी जात पाहतच नाही. ती फक्त मेंदूला कळवते की बाहेर उजाडलंय. पाहणाऱ्या मेल्या तरी ही तिसरी जगू शकते, बाबांच्या काचबिंदूत मात्र तीही गेली. मी म्हटलं, म्हणजे घरातली आत्या, स्वतःचा संसार नाही पण सगळ्यांचं वेळापत्रक तिच्या हातात. तू इतकी हसलीस की तुझा डबा सांडला. माझं जे व्हायचं ते तिथेच झालं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, हे तुला माहीत आहे. काम बरं आहे, मालक कमी बोलतो. फक्त एक गोष्ट होते. यंत्र फिरत असताना तुझ्या प्रयोगाच्या खोलीतल्या चाकांसारखा आवाज येतो. बारा पिंजरे, बारा चाकं, आणि त्या मिट्ट काळोखात धावणारे बारा आंधळे उंदीर. मधेच मला वाटतं की आवाज थांबला. मी मान वर करतो, यंत्र चालूच असतं. मालकाने दोनदा विचारलं, "कुणी हाक मारली का?" नाही, कुणी मारली नाही. कोणीतरी धावायचं थांबलं, एवढंच.

त्या खोलीचे नियम मला अजून पाठ आहेत. आधी बाहेरचं दार, मग ते लावून आतला पडदा. मोबाइल बाहेरच्या टोपलीत. हातात फक्त लाल विजेरी, कारण त्या उंदरांची तिसरी जात जिवंत होती आणि लाल उजेड तिला जवळपास कळतच नाही. वहीत यायची-जायची वेळ. पाणी भरायचं काम तू मला मिळवून दिलंस आणि पहिल्याच दिवशी एक लाल शाईचा पेन दिलास, "भांडकुदळ माणसाला लालच शोभतो" म्हणून. मग तुझं औषध सुरू झालं. डावीकडच्या सहा पिंजऱ्यांच्या पाण्यात औषध, उजवीकडच्या सहांना साधं पाणी, मधे छतापर्यंत काळा आडोसा, दोन्ही बाजूंना सारखाच काळोख. तू म्हणालीस, बारा दिवस मला भेटू नकोस, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. बारा दिवस म्हणजे काय, हे वीस वर्षांच्या पोराला विचारायला हवं होतंस.

तेराव्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या प्रयोगशाळेच्या थोरल्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी भरायला एवढा वेळ? उंदरांना गोष्टी सांगतोस का?" सगळे हसले. तूही हसलीस. मी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला, नको ते बोललो आणि शेवटच्या वर्षाचं अर्धं कॉलेज तिथेच टाकून निघालो. तू हसलीस, हे मी दोन वर्षं उराशी धरून बसलो. सरांनी विचारलेला प्रश्न मात्र मी कधी स्वतःला विचारला नाही. रविवारी बाबांच्या बोटाने तो विचारला.

तर ऐक. सर खरं बोलले होते. त्या बारा दिवसांत तू जेवायला गेलीस की एक ते दोन मी त्या खोलीत बसायचो. वहीत मात्र दहाच मिनिटं लिहायचो. स्टूल डावीकडे होतं, तुझा एप्रन तिथेच खुंटीला असायचा. मी तुला पत्रं लिहायचो आणि खिशात चुरगाळून न्यायचो. तुझ्याच पेनाने लिहायचो, आणि लाल उजेडात लाल शाई दिसत नाही, कागद कोरा राहतो. म्हणून मी मोबाइल आत नेला आणि त्याची बत्ती मागच्या फळीला टेकवून लावली. पांढरी, आडोशाच्या अलीकडे, फक्त डावीकडच्या पिंजऱ्यांवर. बत्ती लागली की त्या बाजूची चाकं थांबायची. मला वाटायचं, माझी चाहूल लागली. उजवीकडची धावत राहायची, आणि त्यात काय विचार करायचा, असं मला वाटायचं. तुझ्या औषधाने काळोखात वेळ धरून ठेवली नाही गं. रोज दुपारी एक वाजता त्यांच्याकडे मी उजेड घेऊन येत होतो, त्यावर ते घड्याळ लावत होते. मी गेलो आणि त्यांची रेघ पुन्हा तिरकी झाली. औषधही त्याच दिवशी थांबलं, म्हणून तुला कळलं नाही. तुझा शोध, तुझं नाव, सगळं यात जाईल हे मला समजतं. पण बाबांनी परवा माझ्याकडून जुनं घड्याळ दुरुस्त करून घेतलं, सोमवारपासून लागेल म्हणून, आणि ते उशाशी ठेवून झोपलेत. त्यांना मी सांगेन, ते तुझ्यावर टाकत नाही. तू गोळी थांबव आणि हे पत्र थोरल्या सरांना दाखव. माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर मी येईन आणि आवाज चढवणार नाही. दोन वर्षं मला एकच दुःख होतं, की तिथे बसून तुला लिहिलेलं एकही अक्षर तुझ्यापर्यंत पोहोचलं नाही. त्या सहा आंधळ्यांपर्यंत मात्र ते रोज वेळेवर पोहोचत होतं.

तुझाच, आणि या वेळी निळ्या शाईत,
भांडकुदळ