समुद्र नसलेला देश

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. कोपरखैरणे.

आज वाशीला एजंटकडे बुर्किना फासोच्या व्हिसाचा फॉर्म भरला. प्रवास कशासाठी, या रकान्यात मी 'भावाला पुरलं ती जागा पाहण्यासाठी' असं लिहिलं होतं. एजंटने ते खोडून 'पर्यटन' केलं.

"काका, नाहीतर शंभर कागद मागतील. फिरायला चाललोय म्हणायचं." मग नकाशा बघून हसला. "समुद्रपण नाही तिकडे. बघणार काय?"

हे वाक्य माझं आहे. अनिल तिथल्या खाणीत मेकॅनिक होता. दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, "दादा, एकदा ये ना फिरायला." आणि मी दर वेळी हेच, तिकडे समुद्र नाही, बघायचं काय? तोही हसायचा.

मार्चमध्ये तो तापाने गेला. कंपनीने तिथेच पुरलं आणि मला लाल मातीचा एक फोटो पाठवला. कंपनीला शिव्या देऊन झाल्या. पण मला आठवड्याची रजा तेव्हा मिळाली नसती का? मी मागितलीच नाही. आज अर्ज दिला, साहेबांनी दोन मिनिटांत सही केली. रजेचं कारण तिथेही पर्यटनच लिहिलं.

अनिल, येतोय रे. फिरायला.