जोत्यावरून जाणारी नाव

आप्पा, धार काढून झाली होती, दूध डेअरीच्या किटलीत ओतलं होतं, गोठ्यातलं शेण उचलून मी हात धूत होते. तेवढ्यात तुम्ही ट्रॅक्टरची किल्ली माझ्यापुढे धरलीत. म्हणालात, "भाकरी मागनं टाक. डॉक्टर यायच्या आत ट्रेलरच्या चाकात हवा भरून आणायची हाय." नवरा गेल्यावर तुम्ही मला न्हावऱ्याच्या सासरहून घरी आणलंत, त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. मी फाटकाबाहेर पडत नव्हते. घरी येणाऱ्या बायका मला बघितलं की आवाज खाली करायच्या. तुम्ही आवाज खाली केला नाहीत. किल्ली माझ्या ओल्या हातात टाकलीत आणि तंबाखू मळत फाटकाकडे चालू लागलात.

दौंडच्या डॉक्टरांची शिडाची नाव आपल्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी असते. भोयांची होडी दोन माणसं ढकलून कुठूनही पाण्यात घालतात, हिचं तसं नाही. हिच्या पोटाखाली कमरेएवढं लोखंडी पातं आहे, घट्ट बसवलेलं, वर उचलता न येणारं. डॉक्टर त्याला कील म्हणतात. त्यामुळे नाव ट्रेलरवर घराएवढी उंच दिसते, आणि तरंगायला तिला छातीएवढं पाणी लागतं. काठाला तर सगळा गाळ. पण तुम्हाला जुन्या गावाचा रस्ता ठाऊक होता. धरणात गाव गेलं तरी तो खडीचा रस्ता जागेवर राहिला, हळूहळू उतरत पाण्यात शिरतो. त्याच रस्त्यानं तुम्ही बैलगाडी हाकलीत आणि मी सातवीपर्यंत शाळेत गेले. पुढची शाळा नव्या गावठाणात नव्हती, म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं.

ट्रॅक्टर मला लग्नाआधीपासून येत होता. त्या दिवशी तुम्ही मला सीटवर बसवलंत आणि स्वतः पाण्यात उतरलात. ट्रेलरच्या चाकांना दगड लावायचे, मग पिन काढायची, ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यामध्ये लांब वायररोप बांधायचा. ट्रॅक्टर थोडा पुढे घेऊन रोप ताणायचा, दगड काढायचे, आणि मग मागे, इंच इंच मागे. ट्रॅक्टर कोरड्यात राहतो, ट्रेलर आपल्या वजनानं रस्त्यावरून पाण्यात उतरतो. मी वळून नावेकडे बघत राहिले. इतकी पांढरी वस्तू मी कधी पाण्यात जाताना पाहिली नव्हती. रोप ढिला पडला आणि ट्रेलरला हिसका बसला. तुम्ही ओरडलात, "नावंकडं काय बघती? ती काय पळून जातीय? दोराकडं बघ!" सगळ्यांसमोर ओरडलात. मला आठवतं, मला बरं वाटलं होतं. तीन महिन्यांत माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं.

डॉक्टर पाण्यात गेले की तुमचं खरं काम सुरू व्हायचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं, पातं कुठं अडकेल याचा नेम नाही. तुम्ही काठावर उभे राहून, हाताचा कर्णा करून, बुडालेल्या गावाच्या गल्ल्या सांगायचात. "चावडीच्या डाव्या अंगानं घ्या! आता सुताराच्या बोळातनं सरळ! न्हाई, न्हाई, तिकडं आड हाय, त्याचा काठ वर आलेला हाय!" वर नुसतं पाणी. डॉक्टर हसत हसत त्या पाण्यातून बोळ काढायचे. त्यांच्याबरोबरचे दोन दोस्त विचारायचे, "आप्पा, गावात शिरायला पास लागतो का?" तुम्ही म्हणायचात, "लागतो की. पैलं पायातलं काढा."

एका मे महिन्यात तुम्ही त्यांना सांगितलंत, "आता आमच्या घरावरनं बिनघोर या. मातीच्या भिंती, कवाच्या विरघळल्या आसतील." आणि नाव तिथंच थांबली. शीड भरलेलं, वारा चांगला, पण नाव जागची हलेना. डॉक्टर ओरडले, "आप्पा, खाली दगड लागतोय!" तुम्ही ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारलीत. "जोतं हाय! आगं, जोतं हाय आजून!"

"अहो, माझं कील मोडेल, आणि तुम्ही हसताय काय?"

"तुमचं पातं दुसरं मिळंल डॉक्टर! आमच्या बापानं घडीव दगड बसवलाय तिथं!"

शेवटी तिघं एकाच कडेला जाऊन लोंबकळले, नाव कलली, पातं वर उचललं गेलं आणि ती सुटली. दुपारी नाव ट्रेलरवर बाहेर ओढली, तेव्हा पात्यावर वीतभर ओरखडा होता. तुम्ही नावेखाली उकिडवे बसून त्यावरून अंगठा फिरवत राहिलात. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हीच बसा. वरून दाखवा." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "न्हाई. जिथं हिची आई गेली, त्या माजघरावरनं मी सहल करत फिरू व्हय?" त्यानंतर डॉक्टरांनी तुम्हाला कधी विचारलं नाही.

तुम्ही गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. भाऊबंद म्हणाले, क्रेन बोलवा, बाईमाणसाचं काम नव्हे. डॉक्टरांनी नाही बोलावली. आता मला ते काम तुमच्यापेक्षा चांगलं येतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. नाव परत घेताना तुम्ही छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पातं ट्रेलरच्या खाचेत हातानं बसवायचात. मी ट्रेलरला दोन उंच पाइप वेल्ड करून घेतले. ते पाण्याबाहेर दिसतात, डॉक्टर नाव त्यांच्या मधोमध आणतात, पातं आपोआप खाचेवर येतं. मग थोडं ओढायचं, थांबायचं, ते नीट बसलंय का बघायचं, मगच बाहेर. डोलकाठी उभी करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हे मी अजून दोनदा बघते. ते तुमचंच. आणि नाव फिरून येईपर्यंत चार-चार तास ट्रॅक्टरच्या सीटवर बसून मी वाचत असते. डॉक्टर दर खेपेला एक पुस्तक देतात, आधीचं परत घेतात. सातवीनंतरची माझी सगळी शाळा तुमच्या ट्रॅक्टरवर झाली.

आता डॉक्टरांचे गुडघे गेलेत. नाव भाच्याला दिली, तो परवा घेऊन जाणार. उद्या ती शेवटची आपल्या पाण्यात उतरेल. आज सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, "ताई, दरवर्षी विचारतो. उद्या तरी बसा." मी नेहमीचं उत्तर दिलं, "आप्पा बसले नाहीत, मग मी कशी बसू?" ते म्हणाले, "तुमच्या आप्पांचा मान तुम्ही राखलात." फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

कारण ते खोटं आहे, आप्पा. तुमचं न बसणं आईसाठी होतं. माझं तसं नाही. मला पाण्याची भीती वाटते. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकतो. पाइप वेल्ड केले ते हुशारीनं नव्हे, मला पाण्यात उतरायला नको म्हणून. इतकी वर्षं माझी भीती मी तुमच्या आणि आईच्या नावावर खपवली, आणि लोकांनी तिला मान दिला. नवरा गेल्याचं दुःख मी कुणापासून लपवलं नाही, ते अजून आहे, रोजचं आहे. ही एवढीशी गोष्ट मात्र लपवली. आणि आपलं जोतं वरून कसं दिसतं, हे मला बघायचं आहे. तुम्ही ओरखड्यावरून अंगठा फिरवत होतात, तेव्हाही बघायचं होतं.

हा कागद टाकायला पेटी नाही. टूलबॉक्समध्ये पिनांच्या खाली ठेवते. खालची ओळ मागाहून लिहिली आहे.

दुसऱ्या दिवशी मी नाव पाण्यात उतरवली, ट्रेलर वर ओढून घेतला, ट्रॅक्टर बंद केला, चाकांना दगड लावले, आणि जुन्या रस्त्यानं छातीएवढ्या पाण्यातून चालत जाऊन नावेत बसले.