डिशमधली शारदा

बहादरपूर

प्रिय विमल,

रोज फोनवर बोलणाऱ्या दादाला कागदाची हौस कुठून आली, म्हणून तू आधी हसशील. पण फोन वाजला की तुझी वहिनी शेजारी येऊन बसते आणि स्पीकर लावायला सांगते. शारदाच्या देखत जे बोलता येत नाही, ते लिहायला बसलोय. विमल, मी घाबरलोय. पन्नाशीला आलेला माणूस. केळीत बिबट्या शिरला होता तेव्हा काठी घेऊन मीच पुढे झालो होतो. आज तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तुझ्या प्रयोगशाळेतून आलेला पहिला फोन मला शब्दन् शब्द आठवतो. शारदाच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तुमच्याकडे वाढत होता. तू म्हणालीस, डिशमध्ये तिच्या कॅन्सरच्या पेशी पसरल्या, त्यात तिच्याच रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी सोडल्या, वर त्यांना जागं करणारं नवं औषध घातलं, आणि चार दिवसांत कॅन्सरच्या पेशी मेल्या. हे घरच्यांना सांगायचं नसतं, तरी राहवलं नाही म्हणालीस. पुढेही काहीतरी बोलत होतीस, अजून एक चाचणी बाकी आहे वगैरे. ते मी ऐकलंच नाही. तोवर मी अंगणात जाऊन शारदाला हाक मारली होती. तू लहानपणापासून म्हणतेस ना, दादा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

तू डिश म्हणालीस आणि माझ्या डोळ्यांपुढे आपली टिश्यू कल्चरची बाटली आली. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, केळीच्या कंदाचा एवढासा तुकडा बाटलीत घालतात, त्यातून शेकडो रोपं निघतात आणि सगळी आईसारखीच. एकाचा घड पाहावा आणि दुसऱ्याचा सांगावा. मी शारदाला तेच समजावलं. तुझा तुकडा बरा झाला म्हणजे तू बरी झालीस, आता फक्त औषध यायचं बाकी आहे. ती ओट्यावर बसून रडली. दुसऱ्या दिवशी तिने सहा महिन्यांत पहिल्यांदाच मांड्यांचं खापर चुलीवर ठेवलं आणि मांडे केले.

बाटलीचं पुढचं मात्र मी सोयीने विसरलो. आपले नाना हयात असताना पहिल्याच वर्षी मी बाटलीतली कोवळी रोपं सरळ वावरात लावली होती. बाटलीत ना ऊन, ना वारा, ना कीड. आठ दिवसांत निम्मी होरपळली. नाना बांधावर बसून मेलेली रोपं मोजत राहिले. तेव्हापासून दीड महिना शेडनेटच्या सावलीत ठेवल्याशिवाय मी एक रोप हलवत नाही. केळीच्या बाबतीत एवढा सावध असलेला माणूस बायकोच्या बाबतीत कसा वागला, बघ.

परवा प्रयोगशाळेतून तुझा दुसरा फोन आला तेव्हा मी शेतात एकटाच होतो. तू फार हळू बोलत होतीस. या वेळी पेशी सपाट पसरल्या नव्हत्या. अंगात असते तशी त्यांची गाठ वाढवली होती, भोवती तसाच चिवट वेढा. लढणाऱ्या पेशी त्या वेढ्याबाहेरच अडकल्या. औषध होतं, त्याही होत्या, पण आत जवळजवळ कोणी शिरलंच नाही. तू म्हणालीस, "दादा, ही पण डिशच आहे. हिच्यावरूनही काही ठरवू नको. वहिनीची केमो चालू आहे ना, तेवढी चुकवू नको." मी हो म्हणालो.

ते हो खोटं होतं, विमल; फोनवर पुन्हा तेच बोललो असतो, म्हणून हा कागद. केमो चालू नाही. मांडे केले त्याच दिवशी शारदा म्हणाली, "मंग आता ते सलाईन कायले घेऊ? मले नाही सोसत." आणि मी म्हटलं, नको घेऊ. डॉक्टरांना न विचारता म्हटलं. दोन खेपा चुकल्या. दवाखान्यातून फोन आले, ते मी उचलले नाहीत. तिच्या डोक्यावर बारीक केस यायला लागलेत, आरशात बघून ती हसते. काल आंघोळीनंतर मात्र ती काखेपाशी हात दाबून कितीतरी वेळ उभी होती. मी पाहिलं आणि शेतात निघून गेलो. आता तिला दवाखान्यात न्यायलाच हवं, एवढी अक्कल मला आहे. पण काय सांगून नेऊ? शेजारचा गजानन आज पुण्याच्या बसने निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय, सकाळी तुला मिळेल. वाचलंस की आधी डॉक्टरांना फोन कर, मग मिळेल त्या गाडीने ये. शारदाला खरं मीच सांगेन, तू फक्त तिच्या शेजारी बस. किती उशीर झाला, हे डॉक्टरांना मी तिच्यासमोरच विचारेन.

तुझाच,
लीलाधरदादा