कामकाजातला एक ‘नाही’

३ मार्च

चार मिनिटं. घड्याळ बघून सांगते — चार मिनिटांत आमच्या सन्माननीय सदस्यांनी स्वतःचा पगार दुप्पट करून घेतला. दवाखान्यांच्या विधेयकाला अकरा दिवस लागले होते, आणि तेही शेवटी समितीकडे गेलं. अजून तिथंच आहे.

नेमकी माझी पाळी होती. आम्ही प्रतिवेदक दहा-दहा मिनिटं लिहितो, मग उठून आत जातो आणि आपापलं टंकून काढतो. तोवर दुसरा येऊन बसलेला असतो. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या आसनाखाली आमचं टेबल. चौतीस वर्षं तिथं मान खाली घालून लघुलेखन करते आहे. त्यामुळे ही मंडळी मला चेहऱ्यांपेक्षा चपलांवरून जास्त ओळखू येतात.

विधेयक मांडलं, लगेच मताला टाकलं. “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” काय तो होय! एरवी दोन बाजू एकमेकांचं कूळ काढतात. आज दोन्हीकडून एकच गळा. “प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे” — तोवर निम्मे दाराकडे निघालेसुद्धा होते.

त्या गलक्यात एक ‘नाही’ आलं. एकच. मी लिहिलं. अध्यक्षांच्या कानापर्यंत ते गेलं नसावं, किंवा गेलं असूनही गेलं नाही. “एकमताने संमत,” म्हणाले आणि उठले.

४ मार्च

सचिवाने बोलावलं. आम्ही आपसात त्याला होयबा म्हणतो. काल तो सभागृहात नव्हता. छपाईला जायच्या प्रतीत त्याने वाचलं.

“मॅडम, हे ‘एक सदस्य : नाही’ काढून टाका. एकमताने संमत असं जाहीर झालंय.”

“मी ऐकलं ते लिहिलं.”

“कोण बोललं?”

“दिसलं नाही. मान खाली होती. नाव कळलं नाही तर ‘एक सदस्य’ लिहायचं, असा नियम आहे.”

“नियम मला माहीत आहेत.” मग कागद सारखे करत, अगदी गोड आवाजात — “तुमचे सातच महिने राहिलेत ना?”

निवृत्तीची फाईल त्याच्याच टेबलावरून जाणार, याची मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. मी म्हटलं, आधी ध्वनिमुद्रण ऐकू, मग बोलू. त्याला अध्यक्षांची सही लागते. अर्ज देऊन आले.

५ मार्च

हे दुकानात कोट बेतत होते. जेवणाचा डबा द्यायला गेले आणि तिथंच उभ्या उभ्या सगळं ओकले.

“एवढी का चिडतेस? माझ्या शिलाईचा दरही मीच ठरवतो.”

“तुमचं गिऱ्हाईक दर ऐकून उठून जाऊ शकतं.”

“त्यांचंही जातं. पाच वर्षांनी.”

“तोवर कोट घालून, विटून, फाटलेला असतो.”

हे हसले. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाले, “मग कुणी ठरवायचा? तू सांग.”

माझा पगार मी ठरवला नाही. आमच्यासाठी आयोग बसला, तो सहा वर्षं बसलाच. शेवटी एक माणूस आला, दोन दिवस माझ्या मागे उभा राहिला आणि ‘बसून करण्याचे काम’ असं लिहून गेला. तसा एक माणूस या लोकांच्या मागेही उभा करा म्हणावं. काय लिहील? ‘बसून करण्याचे काम. बसलेले आढळले नाहीत.’

६ मार्च

मला वाटतं, ते मास्तर असणार. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे मास्तरच म्हणतात. तिसऱ्यांदा निवडून आलेत, अगदी मागच्या बाकावर. एका चपलेचा अंगठा दोनदा शिवलेला.

गेल्या अधिवेशनात त्यांनी पगाराच्या कायद्याला दुरुस्ती सुचवली होती. सदस्यांचा पगार सदस्यांनी ठरवू नये. बाहेरच्या पाच माणसांनी ठरवावा. आणि वाढ लागू व्हावी ती पुढच्या निवडणुकीनंतर येणाऱ्यांना. म्हणजे हात वर करणाऱ्याच्या स्वतःच्या ताटात काही पडत नाही. तीन वाक्यांची दुरुस्ती. केवढे हसले होते सगळे! कंसात ‘हशा’ असं मीच लिहिलंय.

यांना उत्तर हेच द्यायला हवं होतं काल. सुचलं नाही.

९ मार्च

वर्तमानपत्राला वास लागला. ‘तो एक कोण?’ पहिल्या पानावर.

१० मार्च

रांग लागली. शब्दशः. टंकलेखनाच्या खोलीबाहेर सन्माननीय सदस्य उभे, हातात चिठ्ठ्या — ‘ते मी बोललेलो नाही.’ अकरा जणांनी लेखी दिलं. एक म्हणाला, “मी त्या वेळी खोकलो होतो, गैरसमज नको.” दुसऱ्याने आपण तेव्हा दाराबाहेर होतो याला साक्षीदार आणला. तिसरा रोज गरिबांच्या नावाने गळा काढणारा. तो दार लोटून घेऊन हळूच विचारतो, “मी नाही म्हणणार होतो, पण म्हणालो नाही, असं काही लिहिता येईल का?”

बोललेलं काढून टाका म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. बोललोच नाही हे सांगायला एवढी धडपड पहिल्यांदाच पाहिली. आणि हे लोक कायदे करतात. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवून घेते.

मास्तर आले नाहीत. बरं वाटलं.

१२ मार्च

आले.

खोलीत मी एकटीच होते. खुर्ची दिली, पण बसले नाहीत.

“बाई, ते मी नव्हतो.”

“तुमची दुरुस्ती होती.”

“होती. मागे घेतली.” मग खिडकीकडे बघत सांगत राहिले. “माझ्या भागातून इथं यायला दीड दिवस लागतो. घरी रोज तीस माणसं. कुणाला दाखला हवा, कुणाला दवाखान्यात खाट. आल्यागेल्याला चहा, परतीचं भाडं. पहिल्या बाकावरचे म्हणत होते, पगार कशाला, आपण सेवा करतो. त्यांच्या खाणी आहेत. पगार पुरला नाही तर पुढच्या वेळी मी घरी, आणि माझ्या जागी खाणवाला.”

“मग हे उभं राहून सांगायचं होतं.”

“सांगायला हवं होतं.”

“होय म्हणालात?”

“म्हणालो. हळू.”

मला त्यांचा राग आला. खोटं बोलले असते तर कमी आला असता. पगार हवा असण्यात लाज कसली? मलाही हवा होता. पण मग सगळ्यांसमोर मागा, दुसऱ्याला ठरवू द्या, आणि नाही म्हणणाऱ्याचं ऐकून घ्या. दाराकडे तोंड करून, हळू आवाजात होय म्हणायचं — हे खाणवाल्यांनी करावं. मास्तरांनी?

जाताना म्हणाले, “ज्याने कुणी म्हटलं, त्याला माझा नमस्कार सांगा.” मी टंकायला बसले.

१३ मार्च

होयबाचं लेखी पत्र. तीन दिवसांत नोंद दुरुस्त करावी, अन्यथा चौकशी. खाली त्याची ऐटदार सही. उलट लिहून पाठवलं — ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय एक अक्षर हलणार नाही. अक्षर सरळ आलं.

१४ मार्च

यांना पत्र दाखवलं. दोनदा वाचलं. “पेन्शन अडली तर शिलाई वाढवू,” म्हणाले आणि इस्त्री फिरवत राहिले. त्यानंतर मला जरा रडू आलं.

१६ मार्च

सही झाली. उद्या सकाळी अकराला ऐकायचं. एकदा माणूस कळू दे. एकशे बेचाळीस सदस्यांत एक तरी निघाला, म्हणजे चौतीस वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.

१७ मार्च

ऐकलं. तीनदा. ध्वनिमुद्रणवाला म्हणाला, “मॅडम, हे बाकांवरून आलेलं नाही. तुमच्या टेबलावरच्या माईकवर आहे.”

बाईचा आवाज. माझा.

बोलल्याचं आठवत नाही. मला तिथं बोलायचा अधिकारही नाही.

‘एक सदस्य’ खोडलं. ‘प्रतिवेदक’ लिहिलं. सही करून प्रत छपाईला पाठवली.